सायकलदवाखाना डॉट कॉम

मनगटाचं ऑपरेशन झालं आणि मिस्त्रींनी 'सायकल दवाखाना' हे आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद केलं. पाने, पकडी, पंप, सगळं विकलं गेलं. उरलं ते एक नाव: सायकलदवाखाना डॉट कॉम. दुकानाची वेबसाइट काढायची म्हणून त्यांच्या बायकोने ते अकरा वर्षांपूर्वी नोंदवलं होतं. वेबसाइट काही झाली नाही, पण नाव टिकवण्यासाठी दरवर्षी पैसे भरायची मुदत तिने एकदाही चुकू दिली नव्हती. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच वहिनी म्हणायला लागली.

"ते नाव विकून टाकूया," वहिनी एक दिवस म्हणाल्या. "ज्याला उपयोग आहे त्याला."

"हवा विकणार तू?" मिस्त्री हसले. "घेणार कोण?"

वहिनींनी आधी चाळीस दुकानांना एकच ईमेल धाडली. 'आदरणीय महोदय, सुवर्णसंधी' वगैरे. चाळीसातून एकानेही हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी स्वतःचंच पत्र पुन्हा वाचलं. आपल्याला आलं असतं तर आपणही न वाचता उडवलं असतं, हे त्यांना कबूल करावं लागलं.

त्या दिवसापासून दिवसाला तीनच पत्रं. आधी त्या दुकानाचे फोटो आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघायच्या, फोन करून मालकाचं नाव विचारायचं, मग त्याच्या नावाने चार ओळी. 'तुमच्या वेबसाइटचं नाव फोनवर सांगताना स्पेलिंग तीनदा सांगावं लागतं. हे नाव एकदा ऐकलं की लक्षात राहतं. माझ्याकडे आहे, विकायचं आहे. नको असेल तर तसं कळवा, परत त्रास देणार नाही.'

उत्तरं यायला लागली. बहुतेक नकारच, पण निदान माणसांनी लिहिलेले.

एक पत्र शहरोशहरी दुकानं असलेल्या एका बड्या सायकल कंपनीला गेलं होतं. चौथ्या दिवशी त्यांच्या वकिलांचा फोन आला.

"बाई, 'सायकल दवाखाना' ही आमची सेवा आहे. आमचं नाव अडवून तुम्ही पैसे उकळताय. सात दिवसांत ते फुकट आमच्या नावावर करा, नाहीतर कोर्टात भेटू."

वहिनींनी विचारलं, "तुमची सेवा सुरू कधी झाली?"

"गेल्या वर्षी."

"माझी पावती अकरा वर्षांपूर्वीची आहे. दुकानाच्या पाटीचा फोटो तर त्याहून जुना. पाठवा नोटीस, उत्तर देते."

नोटीस आली. मिस्त्रींचा चेहरा पडला. "अगं, देऊन टाक. मोठी माणसं आहेत ती."

"असतील त्यांच्या घरी," वहिनी म्हणाल्या आणि पावत्या, फोटो जोडून त्यांनी दीड पानी उत्तर ठोकून दिलं.

दोन आठवड्यांनी सूर बदलला. कंपनी विकत घ्यायला तयार झाली. आकडा ऐकून मिस्त्री खुर्चीतून उठलेच. करारनामा आला. वहिनींनी तो सावकाश वाचला. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'कंपनीच्या व्यवसायात अडथळा आणण्याच्या हेतूने मी हे नाव घेतले होते, हे मला मान्य आहे.'

त्यांनी पेन उचललं, ते वाक्य खोडलं आणि त्या पानाचा फोटो काढून परत पाठवला.

"नुसती औपचारिकता आहे हो," वकील फोनवर म्हणाले. "असले कागद वाचतो कोण?"

"मी वाचला ना! साहेब, मी नाव विकायला बसलेय, खोटी कबुली द्यायला नाही. ते वाक्य काढा, आज सही करते."

"ते निघणार नाही."

"मग नावही मिळणार नाही."

मिस्त्री भडकले. "एका ओळीपायी लाथ मारलीस?"

"त्या ओळीत आपलं दुकान खोटं ठरतं. सत्तावीस वर्षं तुम्ही कोणाला अडथळा आणायला बसला होतात तिथे?"

मिस्त्री रुसून दोन दिवस जेवणाचं ताट घेऊन खिडकीपाशी बसले.

वहिनींनी यादी पुन्हा उघडली. दिवसाला तीन पत्रं. महिन्याभराने एका मुलीचं उत्तर आलं. अवजारांची पेटी घेऊन घरोघरी सायकली दुरुस्त करत फिरणारी मेकॅनिक होती ती. 'नाव फार आवडलं. मोठी किंमत मला झेपणार नाही. किती घ्याल?'

वहिनींनी फोन लावला. कंपनीशी झालेलं सगळं आधीच सांगून टाकलं.

"घाबरत असशील तर नको घेऊस."

"घाबरले असते तर या धंद्यात पडले असते का?" मुलगी म्हणाली.

मग दोघींनी मनसोक्त घासाघीस केली. सौदा कंपनीच्या आकड्याच्या पावपट किमतीला ठरला. नाव त्याच आठवड्यात मुलीकडे गेलं आणि लगेच त्यावर तिच्या कामाचं पानही दिसायला लागलं.

पुढच्या सोमवारी वकिलांचा फोन. "बाई, ते वाक्य काढलंय. रक्कमही वाढवलीय."

"नाव विकलं मी."

"कोणाला?"

"वेबसाइट उघडा, दिसेल. तिला पत्र लिहायचं असेल तर नीट लिहा. धमकीचा उपयोग नाही. माझ्या पावत्या आणि तुमची नोटीस, दोन्ही तिच्याकडे दिल्यात."

फोन ठेवल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "वाढवून किती म्हणाले?"

"विचारलंच नाही."

"मी विचारलं असतं."

"म्हणून तर फोन मी उचलला," वहिनी म्हणाल्या.