ठिबकच्या कारखान्यातले एकशे साठ तास

मुक्ताबाई नऊ वर्षं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठिबक सिंचनाचे प्लास्टिकचे जोड पिशव्यांत भरत होती. सकाळी सहाला मोहोळच्या चौकातून जीप, सातला टेबल, साडेतीनला सुट्टी. बसून बसून कंबर गेली होती. पिशवीचं तोंड गरम पट्टीवर दाबून उजव्या अंगठ्याची कातडी राठ झाली होती. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, उसाच्या हंगामात चार-चार दिवस घरी यायचा नाही. एकुलती एक लेक सृष्टी मोहोळातच बारावीला होती. तिला मुक्ताबाई सारखी सांगायची, "ह्या टेबलाजवळ तू यायचं न्हाय. तेवड्यासाटीच मी हितं बसलीय."

त्या जूनमध्ये सृष्टीच्या कॉलेजनं नवा नियम काढला. बारावीला प्रत्येकानं कामधंद्याचा एक विषय घ्यायचा आणि त्यासाठी एकशे साठ तास कारखान्यात जाऊन काम शिकायचं. तासांचा दाखला नसेल तर त्या विषयात नापास. पालकसभेत प्राचार्य म्हणाले, "आता बारावी म्हणजे नुसता कागद राहणार नाही. आमची मुलं नोकरीलाही तयार असतील आणि पुढच्या शिक्षणालाही." सगळ्यात जोरात टाळ्या मुक्ताबाईनंच वाजवल्या.

हा विषय शिकवायला ऋतुजा मॅडम नावाच्या तरुण शिक्षिका कंत्राटावर आल्या होत्या. त्यांनी खपून अभ्यासक्रम लिहिला होता. पहिले दोन आठवडे यंत्राची ओळख, मग साचा बदलणं, मग बिघाड शोधणं. सृष्टीनं तो वाचला आणि 'यंत्र देखभाल' हाच विषय घेतला. घरातला कूलर बंद पडला की तोच उघडून बसणारी पोरगी ती. दसऱ्याआधी याद्या लागल्या, तर तिच्या वाट्याला आईचाच कारखाना आला.

मुक्ताबाईनं टेबलावरच्या सगळ्या बायकांना सांगितलं, "माजी सृष्टी येनार हाय. मशीनवर शिकाय येनार हाय, आपल्यासारकी पिशव्या भराय न्हाय."

पहिल्या दिवशी बारा पोरंपोरी निळे ॲप्रन घालून आली. सुपरवायझर मायाप्पानं त्यांना मशीन लांबून दाखवलं. पंधरा मिनिटं. मग सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाकडं नेलं आणि म्हणाला, "बसा. ह्या बायका दावतील कसं भरायचं ते."

सृष्टी आईच्या शेजारी बसली. मुक्ताबाईला वाटलं, एक दिवस असंल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी सृष्टीनं विचारलं, "सर, मशीन कधी?"

"आदी हात बसू दे की," मायाप्पा म्हणाला.

हात बसला. आठवड्याभरात पोरांचे हात बायकांच्या बरोबरीनं चालायला लागले. त्या शनिवारी सुट्टीच्या वेळी मायाप्पानं मुक्ताबाईसकट आठ बायकांना गेटजवळ थांबवलं. "सोमवारपासनं तुमी येऊ नका. दिवाळीनंतर बगू."

"का? काय चुकलं आमचं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"चुकलं न्हाय काय. कॉलेजची पोरं हायत की आता. तवर साहेब म्हनले, बायकांना सुट्टी द्या."

पोरांना पगार नव्हता. उलट तासांच्या कार्डावर मायाप्पाची सही लागायची म्हणून पोरंच त्याला घाबरून होती.

घरी येऊन मुक्ताबाईनं ही गोष्ट लेकीपासून लपवली. सोमवारी सकाळी सृष्टी निघायला लागली. आई तयार होत नाही हे बघून तिनं विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय?" मुक्ताबाई एकदम ओरडली. "तू हायस की माज्या जागंवर! जा, बस जाऊन. आयतं टेबल मिळालंय तुला."

सृष्टीला काही कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऐकता ऐकता तिनं ॲप्रन काढून खाटेवर टाकला. "मी जात नाही."

"आन नापास होतीस? जा. गप जा."

ती गेली. जीपमध्ये आईच्या जागेवर दुसरी कोणी बसली होती. सातचा भोंगा वाजला तरी सृष्टी टेबलाजवळ उभीच राहिली. मायाप्पा आल्यावर तिनं फाईलमधून अभ्यासक्रमाचा कागद काढून त्याच्यापुढं धरला. "सर, इथं पॅकिंग लिहिलेलं नाही. आठ दिवस झाले. मला मशीनवर पाठवा."

"मशीन बिघडलं तर तुजा बाप भरून देनार हाय का?"

"मग बिघडलं तर काय करायचं तेच शिकवा ना. त्यासाठीच आलोय आम्ही."

दोघंतिघं पोरं खाली मान घालून हसली. मायाप्पाचं डोकं फिरलं. त्यानं तिचं कार्ड ओढून घेतलं, त्यावर लाल पेनानं 'गैरवर्तन' असं लिहिलं आणि तिला गेटबाहेर काढलं.

सृष्टी तिथून थेट कॉलेजात गेली. ऋतुजा मॅडम स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या. तिनं कार्ड त्यांच्यापुढं टाकलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

मॅडमनी अहवालांची फाईल ओढली. "पण पहिल्या आठवड्याच्या अहवालात तर यंत्राच्या ओळखीचं प्रात्यक्षिक लिहिलंय. मी सही केलीय त्यावर."

"तुम्ही आला होता का बघायला?"

"मी एकटी आहे सृष्टी. सात कारखाने आहेत. त्यांनी अहवाल पाठवला, प्राचार्य म्हणाले, करून टाका सही."

"म्हणजे तुम्ही न बघता लिहिलं, की मी मशीन शिकले. आणि माझी आई तिकडं घरी बसलीय."

मॅडमनी फाईल मिटली. त्या म्हणाल्या, "तासांचा प्रश्न आहे. कसंतरी पुरे कर. मी मायाप्पांशी बोलते."

"कसंतरी नाही करणार," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज इतका चढला होता, की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

घरी येऊन तिनं आईला कार्ड दाखवलं. मुक्ताबाईला फार वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय हे?"

"गैरवर्तन. म्हणजे मी वाईट वागले."

मुक्ताबाईनं कार्ड कमरेला खोचलं. मग उठून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेजारच्या गल्लीत गेली. संध्याकाळपर्यंत बाकीच्या सातही बायकांच्या घरी तिचं जाऊन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या आठजणी प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभ्या होत्या. त्यांच्यामागं सृष्टी होती. प्राचार्यांनी बसायला सांगितलं, कुणीच बसलं नाही.

"मावशी, तुमचा गैरसमज झालाय," ते म्हणाले. "मुलांना श्रमाची सवय लागावी हा हेतू आहे. कुठलंही काम हलकं नसतं."

"हलकं न्हाय ना सायेब?" मुक्ताबाई म्हणाली. "मग आमचं का काडून घेतलं?"

"ते कंपनीचं धोरण. त्यात कॉलेजचा काय संबंध?"

"पोरं कुनी धाडली? फुकट धाडली न्हवं? पिशव्या भराय मी तिला घरीच शिकवलं असतं की. त्याला तुमचा नियम कशाला पायजे, आन त्याच्यात नापास करायची धमकी कशाला? टाळ्या वाजवल्या मी तुमच्या सभंत. लाज वाटती मला त्या टाळ्यांची."

प्राचार्यांनी घंटी वाजवून ऋतुजा मॅडमना बोलावलं. "मॅडम, यांना जरा समजावून सांगा. तुमचा अहवाल आहे ना, मुलांना यंत्राचं प्रशिक्षण मिळालं म्हणून?"

मॅडम दारातच थांबल्या. त्यांनी सृष्टीकडं बघितलं. "सर, तो अहवाल खोटा आहे," त्या म्हणाल्या. "मी कारखान्यात गेले नाही. न बघता सही केली. तुम्हीच करायला सांगितलीत. आज तसं लिहून देते."

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

त्यांनी तिथंच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहून दिलं. मुक्ताबाईनं त्या कागदाची झेरॉक्स मागितली. ती हातात पडेपर्यंत आठजणी केबिनमधून हलल्या नाहीत.

झेरॉक्स बाहेर गेलीय म्हटल्यावर चक्रं फिरली. चार दिवसांत कॉलेजनं सगळी पोरं त्या कारखान्यातून काढून घेतली. उरलेले तास नव्या कार्डावर सोलापुरातल्या एका तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये भरायचं ठरलं. तिथं बिरप्पा सर नावाचे म्हातारे निदेशक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी पोरांपुढं एक जळकी मोटर ठेवली आणि म्हणाले, "उघडा. मोडली तर मोडली." तीन आठवड्यांत सृष्टी बेअरिंग बदलायला शिकली, तांब्याच्या तारेची गुंडाळी भरायला शिकली. हाताला काळं ग्रीस लावून ती मोहोळच्या एसटीत बसायची तेव्हा तिला झोप यायची आणि बरंही वाटायचं. असं सगळीकडं का नाही, सुरुवातीपासून का नाही, हा विचार आला की मात्र तिचे दात आवळले जायचे.

दिवाळीनंतर कारखान्यानं आठपैकी पाच बायकांना परत बोलावलं. मुक्ताबाईला नाही. ती गेटवर गेली तेव्हा मायाप्पा म्हणाला, "तुमची कंबर दुकती न्हवं? घरीच बरं." ती त्याला तोंडावर दोन शिव्या देऊन आली. मग तिनं मोहोळच्या एका खानावळीत भाकऱ्या थापायचं काम धरलं. ऋतुजा मॅडमचं कंत्राट मार्चमध्ये संपलं, पुन्हा झालं नाही. सृष्टी त्यांना भेटायला गेली, तेव्हा त्या खोली रिकामी करत होत्या. सृष्टी त्यांची पुस्तकं खोक्यात भरू लागली.

निकाल लागला. सृष्टी पास झाली, चांगल्या गुणांनी. तासांचा दाखला घ्यायला मायलेकी कॉलेजात गेल्या. त्यावर छापलं होतं : 'यंत्र देखभाल, प्रत्यक्ष प्रशिक्षण, १६० तास.'

"हे चूक आहे," सृष्टी क्लार्कला म्हणाली. "यातले पन्नास तास मी पिशव्या भरल्यात. तसं लिहून द्या."

"तसा रकाना नाही," क्लार्क म्हणाला. "पाहिजे तर घ्या, नको तर ठेवा. डिप्लोमाच्या प्रवेशाला लागतो हा."

प्रवेशाची शेवटची तारीख परवा होती. सृष्टीनं आईकडं बघितलं. लेकीचे डोळे रागानं भरून आले होते.

"घे," मुक्ताबाई म्हणाली. "तुज्या हाताला मोटर येती, ते खोटं न्हाय."

"पण आई, हे तर खोटं आहे ना!"

"हाय. म्हाईत हाय मला."

सृष्टीनं दाखला घेतला आणि क्लार्ककडून पेन मागून रजिस्टरवर सही केली. त्याच्या समोरच दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं कारखान्याचं नाव लिहिलं, तारखा लिहिल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथं फक्त पॅकिंग.' क्लार्क ओरडत उठला. तोवर दोघी मायलेकी पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या होत्या.