अळ्यांचं पीठ

"तारा, काल औषध घातलेला पीठ खंय ठेवलंस? अळयो उपाशी आसत," सगुणने विचारलं, आणि ताराच्या एकदम लक्षात आलं. ते पीठ तिच्या घरी होतं.

लाटंबार्शाच्या त्या संशोधन केंद्रात दोन खोल्या शेजारीशेजारी. एकीत बायकांना सोयाबीनचं दूध, पनीर, वडे करायला शिकवायचं. दुसरीत तारा आणि सगुण अळ्या पाळायचे. अळ्या कशासाठी, तर त्यांच्यावर मित्रकीटक वाढवून शेतात सोडायचे, म्हणजे कुणाला विष फवारायला नको. खाणं दोन्हीकडे एकच, सोयाबीनचं पीठ. अळ्यांच्या पिठात मात्र बुरशी धरू नये म्हणून औषध कालवायचं, आणि ते हाताला लागलं तरी साबणाने हात धुवायचे. काल अळ्यांचा डबा ओला होता, म्हणून ताराने ते स्वयंपाकाच्या डब्यात कालवलं. वर लाल पट्टी चिकटवायची, ती राहिली. संध्याकाळी निघताना, स्वयंपाकाच्या खोलीतलं उरलेलं पीठ घरी न्यायच्या रोजच्या सवयीने तोच डबा पिशवीत गेला. डबे वेगळे ठेवा म्हणून सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडणारी बाई ती, आणि केलं काय, तर हे.

तिच्या सासूबाई, देवकीबाई, आज त्या पिठाचे वडे करणार होत्या. ताराने फोन लावला. देवकीबाई फोन माजघरात ठेवून मागल्या पडवीत बसत. तो नुसताच वाजत राहिला. तारा स्कूटर घेऊन घराकडे, सर्वणच्या वाटेला लागली.

मागे एकदा औषध जरा जास्त पडलं होतं. सकाळी पाहिलं तर ट्रेभर अळ्या काळ्या, मऊ पडलेल्या. तेव्हा तिने त्या निवांतपणे केरात लोटल्या होत्या. आता वळणावळणावर तोच ट्रे दिसत होता, आणि त्यात तिची लेक सेजल. ताराला इतकी भीती वाटत होती की ब्रेक कुठला हेही हाताला कळेना.

सेजल घराच्या पायरीवर बसली होती, तोंड फुगवून.

"वडो खाल्लंस?"

"आजी दिना नाय."

देवकीबाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. "अगो, वानवळो धाडल्याबिगर घरात कसो खातलो? पयले शेजारी पद्मावतीक नेऊन दिलंय. आता वाढतंय हिका."

ताराचा जीव भांड्यात पडला. स्वतःचं पोर वाचलं की माणूस क्षणभर आंधळं होतं. तारा तर हसलीही. मग सासूबाई काय बोलल्या ते तिला ऐकू आलं. "त्या वड्यांक कोणी हात लावू नकात," एवढं सांगून ती शेजारी धावली.

पद्मावतीचा सर्वेश चार वर्षांचा, पण अंगावर मांस म्हणून नाही. तो खातच नसे. त्याला सोयाबीन दे, सोयाबीन दे, असं ताराच सहा महिने पद्मावतीच्या मागे लागली होती. पद्मावतीला ते कडधान्य परकं वाटायचं. शेवटी ताराच्या शब्दाखातर ती तयार झाली.

"कसले वडे गो हे," पद्मावती दारातच म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "आमच्या सर्वेशान कधी न्हय ते दोन खाल्ल्यान. आनी मागता."

सर्वेश बशी पुसून खात होता. चांगला खेळकर दिसत होता. एवढ्याशा औषधाने काय होणार, गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे, असं ताराच्या मनात आलं. ते मनात आलं म्हणूनच तिला जास्त भीती वाटली, स्वतःची.

"पद्मावती, त्या पिठात अळयांचा औषध आसा. माझ्याच हातान पडला. डाक्टराकडे चल."

पद्मावतीने सर्वेशच्या हातातली बशी काढून घेतली, त्याला उचललं आणि तारामागून स्कूटरवर येऊन बसली. त्याला दोघींच्या मध्ये घेतलं.

डिचोलीच्या दवाखान्याचा रस्ता कधी नव्हे इतका लांब झाला. वाटेत पद्मावतीने एकदाच तोंड उघडलं.

"तुझ्या सेजलान खाल्ल्यान?"

"नाय," तारा म्हणाली.

पद्मावतीने सर्वेशला आणखी घट्ट धरलं. थोड्या वेळाने सर्वेशचं डोकं ताराच्या पाठीवर कलंडलं. झोप लागली की औषध चढलं, ते तिला कळेना.