एक तर टायर, नाय तर दात

चौक्याच्या घाटात दुसऱ्या वळणावर ट्रक थांबला, आणि मग हळूहळू मागं यायला लागला.

बद्रीनाथनं दोन्ही पाय ब्रेकवर दिले. केबिनमध्ये क्लच जळाल्याचा वास भरला. शेजारी आशाबाई जेवणाच्या डब्याची पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या.

"अहो, मागं एसटी आहे."

"दिसतीय मला!"

तो ब्रेकवरून पाय काढू शकत नव्हता. शेवटी आशाबाईच दार उघडून उतरल्या. सायंकाळच्या उन्हात साडीचा पदर खोचून त्यांनी रस्त्याकडेचा दगड ओढत आणला आणि मागच्या चाकाला लावला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता. "इतकी मोठी चाकं लावलीत, अन् चढत नाय व्हय?"

दोन वर्षं खपून बांधलेला ट्रक पहिल्याच चढावर हरला होता. बद्रीनाथला आपल्याच डोक्यात हातोडा घालावा असं वाटलं.

बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. निवृत्त झाला तेव्हा त्यानं आणि आशाबाईंनी हिमालय बघायचं ठरवलं. हॉटेलं, गाइड, ग्रुपची बस यातलं काही नको, आपलंच घर चाकांवर न्यायचं. छावणीत जुन्या लष्करी मालाच्या व्यापाऱ्याकडं एक ट्रक मिळाला, पुढची-मागची चारी चाकं ओढणारा. गंगापूर रस्त्यावरच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा केला आणि भिकनला बोलावलं.

भिकन त्याच कारखान्यात वेल्डर. वीस वर्षं दोघांनी एका बाकावर डबा खाल्ला होता. भिकनचा थोरला भाऊ मुंजाबा अजून मेंढरं राखायचा. दसरा झाला की सगळा वाडा, म्हणजे कळप आणि माणसांची बिऱ्हाडं, पाचोडकडून गोदावरीच्या अंगानं निघायचा. मुंजाबाची बायको बानाबाई गुडघ्यानं अधू झाली होती, तरी कळपामागं चालतच होती. नुकती जन्मलेली कोकरं मेंढरांमागं पळू शकत नाहीत. ती कुणीतरी काखेत घेऊनच चालावी लागतात.

"मजुरी घेत नाय मी," भिकन पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "दसऱ्यापासून होळीपतूर ट्रक माझ्या वहिनीला. उन्हाळ्यात तुमी न्या कुठं न्यायचा तिथं."

बद्रीनाथ आनंदानं कबूल झाला. हिमालय तसाही उन्हाळ्यातच करायचा होता.

भिकननं आतलं घर उभं केलं. ओटा, पलंग, पाण्याची टाकी, मागं कोकरांसाठी जाळीचा कप्पा. तोवर दोघांत एका शब्दाचंही वाकडं आलं नाही. वाकडं आलं ते चाकांवरून.

ट्रकच्या आसात दातेरी चाकांची जोडी असते. छोट्याला सहा दात, मोठ्याला एक्केचाळीस. ताकद भरपूर, पण पन्नासच्या वर गेलं की इंजिन किंचाळायचं. बद्रीनाथला ते सहन व्हायचं नाही. त्याला पस्तीस दातांची जोडी हवी होती. तेवढ्याच इंजिनात ट्रक जास्त पळला असता. भिकनचं म्हणणं वेगळं. काळ्या रानात अरुंद टायर रुततात, तेव्हा चौदाशे-वीसचे मोठे टायर लावा. दात आहेत तसेच राहू द्या. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जागा तोडतं, म्हणजे तुमचा वेगही आपसूक वाढेल.

"पण मला पुरेल इतका नाही वाढणार," बद्रीनाथ म्हणायचा.

"आन् दात कमी केले तर माझं रानात काय व्हईल?"

"तू सारखं रान-रान काय करतो? वर्षातले महिने मोज ना!"

"मोजले की. म्हणून तर म्हणतोय."

रोज तेच. चहा निवायचा, वाद निवायचा नाही. मोठे टायर तेवढे भिकनच्या हट्टानं आले. मग आखाडात मुंजाबाचा कळप आजारी पडला, म्हणून भिकन पाचोडला गेला. त्याच आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला. पस्तीस दातांची जोडी आली होती, पुढच्या आसाची आणि मागचीही. जुनी द्या, ही न्या. अशी संधी परत येणार नव्हती. बद्रीनाथनं भिकनला लावायला फोन हातात घेतला, आणि खाली ठेवला. एकदा पळवून दाखवला की तोही मानेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि जोडी बसवून टाकली.

कागदावर हिशोब बरोबर होता. पण तो सपाट रस्त्याचा आणि मोकळ्या ट्रकचा होता. आत आता भरलेली टाकी होती, लोखंडी पलंग होता, संसार होता. ट्रकला चढासाठी आणखी एक संथ गिअर होता, पण त्याचे दात आधीच झिजलेले. लीव्हर टाकला की निसटायचा.

घाटातून ट्रॅक्टरनं ओढून ट्रक शेडला आला. दुसऱ्या दिवशी भिकन आला. त्यानं खाली वाकून बघितलं, नव्या बोल्टवर बोट फिरवलं आणि उठून हात पुसले.

"एक तर टायर, नाय तर दात. दोन्ही कशाला बदलले?"

"टायर तूच आणायला लावलेस."

"व्हय. मीच. माझीच चूक." भिकनचा आवाज चढला नाही, त्यानं बद्रीनाथ जास्तच चिडला. "आन् दात? ते कुणाला इचारून?"

"ट्रक माझा आहे!"

भिकननं आपली वेल्डिंगची काच उचलली, सायकलला अडकवली आणि निघून गेला.

रात्रीच्या भाकरी थापताना आशाबाई म्हणाल्या, "बानाबाईला काय सांगणार आहात?"

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ छावणीत गेला. जुनी जोडी परत हवी होती. व्यापाऱ्यानं हात वर केले. माल पुढं गेला होता. मग जालना, मालेगाव, नगर. कुठं एक्केचाळीस दात मिळायचे, तर आस वेगळा. कुठं आस जुळायचा, तर दात फुटलेले. पितृपक्ष आला. शेवटी मालेगावला मागच्या आसाची जोडी सापडली, ती त्यानं बसवली. पुढची मिळाली नाही ती नाहीच.

पुढं पस्तीस आणि मागं एक्केचाळीस असं चालत नाही. दोन्ही आस एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी मोडतं. म्हणजे पुढच्या चाकांना जाणारा दांडाच काढून ठेवायचा. चार चाकांनी ओढणारा ट्रक आता दोन चाकांनी ओढणार. हिमालयातला बर्फ गेला, काळं रानही गेलं. चढावर पुन्हा अडायला नको म्हणून मोठे टायर विकून त्यानं पुन्हा अरुंद, नऊशे-वीसचे लावले. नट आवळताना पाना निसटला, बोटं सोलली, आणि त्यानं पाना भिंतीवर इतक्या जोरात फेकला की पत्र्याला पोचा पडला.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी तो ट्रक घेऊन पाचोडच्या पुढं गेला. आशाबाई सोबत होत्या. कळप डांबरी रस्त्यापासून आत, कापसाच्या शेतापलीकडं बसला होता. ट्रक तिथवर नेणं शक्य नव्हतं. बद्रीनाथ रस्त्यावरच थांबला आणि चिखलातून चालत गेला.

मुंजाबानं घोंगडी टाकली. भिकन तिथंच होता, एका मेंढीचा खूर बघत. त्यानं मान वर केली नाही.

"वहिनी," बद्रीनाथ बानाबाईला म्हणाला, "ट्रक इथवर येत नाही. रस्त्यानंच येईल, अन् तोही सावकाश. माझ्यानं बिघडला."

बानाबाई गुडघा चोळत म्हणाली, "रस्त्यावर हाय न्हवं? मग कोकरं तिथपतूर न्यायची. तिथनं पुढं तर बसता येईल?"

"येईल."

"कोण चालवणार? हे तर सायकल पण पाडत्यात," ती मुंजाबाकडं बघून म्हणाली.

बद्रीनाथनं हे धरलंच नव्हतं. भिकनला गाडी चालवता यायची, पण त्याची रजा संपत आली होती. आशाबाई मध्येच म्हणाल्या, "आम्ही थांबतो. आम्हाला कुठं कामावर जायचंय?"

"आशा, होळीपर्यंत?"

"हिमालयात दोन महिने राहणारच होतो ना? तिथल्यापेक्षा इथं थंडी कमी."

भिकननं दोन कोकरं उचलली आणि रस्त्याकडं चालायला लागला. बद्रीनाथनं एक उचललं. ते हातात सारखं वळवळत होतं, शेवटी त्याच्या सदऱ्यावर मुतलं. चिखलात पाय फसत होते.

"पुढची जोडी अजून मिळंल," भिकन पुढं बघतच म्हणाला. "धुळ्याला एकजण हाय. पण माझ्याबिगर जाऊ नका."

"नाही जाणार."

"आन् तुमच्यावरचा राग गेला नाय माझा."

"माहितीय."

दुपारी बानाबाई आणि आशाबाई केबिनमध्ये बसल्या, मागं कोकरं ओरडत होती. ट्रक निघाला. पन्नासच्या पुढं काटा जाताच इंजिन किंचाळलं. बद्रीनाथनं दात आवळले. मग बानाबाईनं कानावर हात ठेवलेले पाहून त्यानं पाय उचलला आणि काटा तिसाला आणला.