दुसऱ्या कडव्यातला खोकला

माझ्या जुन्या दोस्ताचं, टेलरचं पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र असं होतं: ‘पुस्तक्या, आपली ती जुनी कॅसेट मुलीने कॉम्प्युटरवर घेतली. मधला खोकला काढून टाकता येतो म्हणते. खोकला तुझा, म्हणून विचारतो. ठेवू का काढू?’

आता याला काय लिहायचं?

तरुणपणी आम्हा दोघांकडे मोठे टेप होते. दोन कर्णे, वर मूठ, आठ जाडजूड सेल. माझा टेप खांद्यावर घेतला की मान वाकडी व्हायची. वाचनालयातल्या कारकुनाला एवढं धूड कशाला, असं सगळे म्हणत. खरं कारण कोणाला सांगितलं नाही. टेप हातात असला की लोक टेपशी बोलत, माझ्याशी बोलावं लागत नसे. कितीचे सेल, किती दिवस जातात, आवाज फाटतो का. उत्तरं ठरलेली होती. एवढा वेळ मी एरवी कोणासमोर उभा राहिलो नसतो.

कॅसेट उतरवून घ्यायची तर दोन्ही टेप टेलरच्या दुकानात समोरासमोर ठेवायचे. एकावर गाणं लावायचं, दुसऱ्यावर लाल बटण दाबायचं. खिडक्या बंद, पंखा बंद, शिवणयंत्र बंद. टेलरची आई आत भांडी घासायची थांबायची. “श्वाससुद्धा हळू घ्या,” टेलर बजावायचा, आणि बजावताना त्याचाच आवाज टेपमध्ये जायचा.

ही कॅसेट उतरवली त्या दिवशी मात्र तो गप्प होता. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याच्या आधी गाणारी जरा थांबते, तिथे मी खोकलो. साधासुधा नाही, चांगला छातीतून.

“झालं समाधान?” टेलर म्हणाला, पण लाल बटण बंद केल्यावर.

पुन्हा करायला वेळ नव्हता; कॅसेट मागून आणलेली, संध्याकाळी परत द्यायची होती. मग त्या खोकल्यासकट आमच्याकडून दुसऱ्याने उतरवून घेतली, त्याच्याकडून तिसऱ्याने. पुढे एका अनोळखी न्हाव्याकडे दाढीला बसलो असताना ते गाणं लागलं आणि मी आरशात बघत माझा खोकला ऐकला. न्हावी त्या जागी वस्तरा थांबवून मान डोलवत होता. आयुष्यभर पुस्तकांत बसलो, लिहायचं मनात होतं, जमलं नाही. माझं प्रकाशित झालेलं म्हणाल तर एवढंच.

म्हणून ‘ठेव’ लिहायला हात धजेना. या वयात स्वतःच्या खोकल्याचा एवढा अभिमान? आणि ‘काढ’ लिहावं तर तो खरंच काढायचा. मी मसुदे करत बसलो. एकात तर खोकल्याच्या कलामूल्याबद्दल परिच्छेद होता.

“अहो, एका खोकल्याचा किती विचार?” बायको म्हणाली. “इतक्या दिवसांत बरासुद्धा झाला असता.”

काल टेलरच्या बायकोचा फोन आला. टेलर फोनवर येत नाही; गल्लीत सगळ्यात मोठ्याने टेप लावणाऱ्याला आता जवळजवळ ऐकू येत नाही.

“भावजी, तुमचं उत्तर नाही, म्हणजे तुम्ही मनाला लावून घेतलंत, असं यांचं म्हणणं. लाजाळू माणूस, उगाच गावभर त्याचा खोकला वाजवला म्हणतात. मुलगी येणार आहे पुढच्या रविवारी, काढूनच टाकू म्हणतात.”

“काढू दे की, वहिनी. गाणं स्वच्छ होईल.”

“स्वच्छ होऊन उपयोग काय? गाणं कुठे ऐकू येतं त्यांना. स्पीकरला कान लावून बसतात आणि वाट बघतात. तुम्ही खोकलात की म्हणतात, आलं दुसरं कडवं. मग पुढचं सगळं स्वतःच म्हणतात, तेही बेसूर.”

“मग ठेवायला सांगा ना त्यांना.”

“मी सांगितलं तर म्हणतील, तू मनचं सांगतेस. तुमच्या हातचं पाहिजे.”

रात्री मसुदे फाडले. सकाळी कार्डावर लिहिलं, ‘ठेव. माझी हरकत नाही.’ दुसरं वाक्य उपकार केल्यासारखं वाटलं म्हणून नवं कार्ड घेतलं. ‘ठेव. मलाही आवडतो.’ हे वाचताना कान तापले, पण तसंच राहू दिलं.

“मी टाकते जाता जाता,” बायको म्हणाली. “तुम्ही कोपऱ्यावरून परत याल.”

कोपऱ्यावर थांबलो खरा, पण पत्ता पुन्हा वाचण्यापुरता. मग पेटीत कार्ड टाकलं. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून फटीत बोटं घालून चाचपलं. हाताला काही लागलं नाही. गेलं होतं.