दादाचा नकार

माझ्या नवऱ्याचा मोठा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात अजून त्याचाच शब्द चालतो. दुकानाला कुठला रंग द्यायचा, वरची खोली भाड्याने द्यायची का, मी चष्मा बदलावा का, सगळं दादाला विचारून. विचारायची पद्धतही ठरलेली. दोघा भावांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. दादा ज्या मशीनवर बसायचे ते काळं, जड धूड अजून काउंटरमागे आहे. नवरा त्यावर कापडाचा तुकडा लावतो, मनात प्रश्न धरतो आणि टीप मारतो. टीप टोकापर्यंत गेली तर दादाचा होकार. मध्येच दोरा तुटला तर नकार.

मी एक्स-रे काढते. दिवसभर लोकांच्या छात्या, गुडघे आणि मणके बघते. माणसाच्या आत काय काय असतं ते मला चांगलं माहीत आहे, आणि आत्मा नावाचं काही अजून माझ्या फिल्मवर उमटलेलं नाही. लग्न झाल्यावर सुरुवातीला मी वाद घातले, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग मी चेष्टेवर आले. "चष्मा मला लागलाय का तुझ्या दादाला?" असं विचारलं की तो नुसता हसायचा. तो चिडत नाही, हाच त्याचा मोठा दोष. चिडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

त्याला खोकला लागला तेव्हा मी आधी दुर्लक्ष केलं. मशीनच्या तेलाच्या वासात आणि कापडाच्या धुळीत सगळेच खोकतात. पण खोकला हटेना, आवाज बसला, शर्ट खांद्यावर लोंबायला लागला. असा शर्ट घातलेली माणसं माझ्यासमोर रोज उभी राहतात. मी म्हटलं, "उद्या चल माझ्याबरोबर. एक फोटो काढू."

"दादाला विचारतो," तो म्हणाला.

दोरा तुटला.

मी कपाळावर हात मारला. दोरा जुना आहे, रिळाला ओल लागलीय, सगळं सांगून झालं. तो म्हणाला, "दोरा जुना असेल, पण दादा काही जुना झालेला नाही." दुसऱ्या दिवशी तो जेवायला घरी आला असताना मी दुकानात गेले आणि मशीनच्या ताणाचा स्क्रू सैल करून ठेवला, म्हणजे दोरा तुटायची सोयच नको. पण ज्याने जन्मभर मशीनंच दुरुस्त केली, त्याला हे कळणार नाही? त्याने चाक अर्धं फिरवलं आणि म्हणाला, "कोणीतरी ताण सैल केलाय." मग ताण पुन्हा नीट केला, टीप मारली, आणि दोरा पुन्हा तुटला. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

त्या आठवड्यात त्याच्या रुमालावर रक्त दिसलं. माझं डोकं थाऱ्यावर राहिलं नाही. हा माणूस एका दोऱ्यापायी माझ्या हातातून जाणार, एवढंच मला कळत होतं.

सकाळी चहा पिताना मी म्हणाले, "भाऊजी माझ्या स्वप्नात आले होते."

कप त्याच्या तोंडाशी तसाच राहिला. "तुझ्या?"

"हो. म्हणाले, याला घेऊन जा. फोटो काढ."

"तुला काय म्हणून हाक मारली?"

भाऊजींनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. मी सून म्हणून घरात आले त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी फोटोवाली. "फोटोवाली म्हणाले," मी सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. त्याला शंका आली नाही. मी शब्द वाढवून बोलत नाही हे त्याला पक्कं माहीत. आमच्या कामाचा तो नियमच आहे. फिल्मवर काय दिसलं ते पेशंटला आम्ही सांगायचं नसतं. कोणी कितीही विनवलं तरी चेहरा कोरा ठेवायचा आणि "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणायचं. घरी येऊनही माझं तेच चालतं.

"मी एवढी वर्षं वाट बघतोय," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "मला एकदाही दिसला नाही. आणि आला तो तुझ्याकडे."

मला फार वाईट वाटलं. पण तो उठून कपडे करायला लागला, म्हणून मी गप्प बसले.

त्याला प्लेटला छाती टेकवून उभं केलं, हनुवटी वर करायला सांगितली. काचेमागून सवयीने म्हणाले, "श्वास घ्या. धरून ठेवा." बायको अहो-जाहो करतेय म्हणून त्याला हसू आलं, फोटो हलला, पुन्हा काढावा लागला. मग स्क्रीनवर चित्र आलं. उजवीकडे वरच्या बाजूला लिंबाएवढा पांढरा डाग. मी बाहेर आले तर तो माझ्या तोंडाकडेच बघत होता.

"डॉक्टर सांगतील," मी नवऱ्याला म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं. गाठ आहे, वाईट दिसतेय, पण अजून एकाच जागी आहे. लगेच ऑपरेशन केलं तर बरा होण्याची आशा चांगली आहे. उशीर केला तर नाही.

मग माझं दुसरंच काम सुरू झालं. तपासणीसाठी सुईने गाठीचा तुकडा काढायचा का? दादाला विचार. याच डॉक्टरकडे करायचं का? दादाला विचार. मी सकाळी उठून "हो म्हणाले" असं सांगायची आणि तो निमूट पुढचं पाऊल टाकायचा. दुकानातल्या काळ्या मशीनवर त्याने कापड चढवणंच सोडलं. "आता तुझीच लाइन लागते," तो म्हणायचा. चेष्टा माझ्यावरच उलटली होती. तरी मी मनात म्हणायची, लागू दे. माणूस वाचला की मग बघू.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तो दुकानाचं शटर ओढता ओढता थांबला.

"एक विचारशील त्याला?"

मला माहीत होतं काय ते. दादा शेवटच्या आजारात दवाखान्यात होते, त्यांनी फोन करून याला बोलावलं होतं. समोर एक गिऱ्हाईक मशीनसाठी खोळंबलं होतं. हा म्हणाला, "एवढं उरकतो आणि येतो." हा पोचेपर्यंत दादा गेले होते. त्यानंतर या विषयावर तो कधी बोलला नव्हता. वेळी-अवेळी मशीनवर काय विचारायचा ते मात्र मला आत्ता कळलं.

"रागावलाय का, एवढंच विचार."

मी दुसऱ्या सकाळपर्यंतही थांबले नाही. "विचारलंय मी," म्हणाले. "अजिबात रागावलेले नाहीत." इथे थांबायला हवं होतं. पण तो माझ्याकडे असा बघत होता की मला राहवलं नाही, आणि आयुष्यभर शब्द वाढवला नाही ती मी म्हणाले, "उलट तुझी वाट बघतायत."

तो शटरला टेकून रडला. मग घरी येऊन पोटभर जेवला आणि लहान मुलासारखा गाढ झोपला. मी स्वतःवरच खूश होते.

सकाळी दवाखान्यात त्याच्या कागदपत्रांचं बघून मी खोलीत परत आले, तर तो पलंगावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. अंगात घरचे कपडे.

"घरी जाऊ," तो म्हणाला. चेहऱ्यावर एवढी शांती की मला धडकीच भरली. "डॉक्टरांनी पण खात्री कुठे दिलीय? उगाच चिरफाड कशाला? इतके दिवस मला भीती वाटत होती, ती आता नाही. दादा वाट बघतोय."

एवढी वर्षं त्याला नुसती आशा होती. खात्री मी करून दिली.

मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "अरे, भाऊजी आले नव्हते. कधीच आले नव्हते. मी रचून सांगितलं. तू फोटो काढावास म्हणून."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू आणि रचणार? घाबरलीयस तू आता. कळतं मला."

मी शपथा घेतल्या. स्क्रू सैल केल्याचंसुद्धा कबूल केलं. तो ऐकून घेत होता आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होता. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मी इथे हाडामांसाची त्याच्या पायाशी बसले होते, आणि त्याला ओढ लागली होती ती गेलेल्या माणसाची. माझ्यासाठी जग, असं मी म्हटलं असतं तर तो हसला असता आणि दार उघडून निघाला असता. या घरात शब्द एकाचाच चालतो.

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली.

"थांब," मी म्हणाले. "काल मी तुला पुरतं सांगितलं नाही."

त्याचे हात थांबले.

"वाट बघतायत हे मी माझ्या पदरचं घातलं. तुला बरं वाटावं म्हणून. ते रागावलेत. त्या दिवशी तू आला नाहीस, ते विसरलेले नाहीत. म्हणाले, आता आला तर दार उघडणार नाही. तोंडसुद्धा बघणार नाही."

हे त्याने लगेच मानलं. मी खोटं बोलतेय असं त्याला एकदाही वाटलं नाही. त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. लोकांना वाईट बातमी डॉक्टर सांगतात, मी तेवढ्यात दुसऱ्या खोलीत निघून गेलेली असते. या वेळी जाता आलं नाही.

"म्हणजे तिकडे नको म्हणाला," तो म्हणाला.

"नको म्हणाले."

मग तो वाकला, बांधलेल्या नाड्या सोडल्या, बूट काढून माझ्या हातात दिले, आणि माझ्याकडे न बघता जाऊन ट्रॉलीवर झोपला.