दगड नव्हता

आप्पांनी तीस वर्षं दगडाच्या खाणीत मोठी मशिनं चालवली होती. दोन मजली घराएवढं धूड, पोलादी चेन, आणि वर काचेच्या केबिनमध्ये राजासारखे बसलेले आप्पा. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत त्यांनी घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल घातलं, बायकोचा मिक्सर तीनदा खोलला, आणि चौथ्यांदा हात लावायला गेले तेव्हा तिनं मिक्सर उचलून सरळ कपाटात कुलूपबंद केला.

त्याच सुमारास त्यांच्या मुलीनं एक जुनं मिनी एक्स्कॅव्हेटर, म्हणजे खोदाईचं छोटं मशीन, विकत घेतलं. घरात तिला सगळे चिमी म्हणत. ती बत्तीस वर्षांची होती, दहा वर्षं मशिनांच्या वर्कशॉपमध्ये राबली होती, तरी चिमीच. अंगणं, बोळ, घरामागच्या चिंचोळ्या जागा, जिथं मोठं मशीन शिरत नाही तिथली खोदाई करायची, असा तिचा बेत होता.

मशीन पाहून आप्पा म्हणाले, "हे खेळणं कुठून आणलंस? चावी द्यायची की सेल घालायचे?"

"तुम्ही बसणार का त्यावर?" चिमीनं विचारलं.

आप्पा दुसऱ्याच दिवसापासून बसले. तिनं एवढंच बजावलं होतं की याला पोलादी चेनऐवजी रबरी पट्टे आहेत, खाणीतल्यासारखं जागच्या जागी गर्रकन फिरवायचं नाही. दोन-तीनदा मागंपुढं करत वळायचं. आप्पांनी मान डोलावली. तीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला वळायचं कसं ते पोटची पोर शिकवते, याची त्यांना गंमतही वाटली आणि थोडं झोंबलंही.

पहिलं मोठं काम एका दवाखान्याच्या मागं होतं. नव्या खोल्यांना पाणी न्यायला भिंतीलगत चर खणायचा होता. नळकामवाला पाइप घेऊन तयार होता. तो तोंडाचा फटकळ. मशीन पाहून म्हणाला, "आप्पा, कुंड्या भरायला बरं आहे हे!"

आप्पांच्या मनाला ते लागलं. नळकामवाला चहाला गेला, तेव्हा मागच्या उतारावर त्यांनी एक लिव्हर पुढं आणि एक मागं टाकून मशीन झोकात जागीच फिरवलं. अर्धा फेराही झाला नसेल, डावीकडून फट्ट असा आवाज आला आणि मशीन एका कुशीवर लंगडलं. खाली उतरून बघतात तर पट्टा पुढच्या चाकावरून निसटून बाहेर लोंबत होता.

त्यांनी चिमीला फोन लावला. "अगं, पट्टा उतरला. दगड अडकला बहुतेक."

आयुष्यात कधी मशिनाबद्दल खोटं बोलले नव्हते. शब्द तोंडातून गेला आणि परत घेता येईना.

चिमी आली. खोदायची बकेट आणि पुढचं माती ढकलायचं पातं जमिनीला टेकवून तिनं मशीन उचलून धरलं, म्हणजे पट्टा अधांतरी झाला. पट्ट्याचा ताण ग्रीसच्या दाबावर असतो. बाजूच्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरलं की पुढचं चाक पुढं सरकतं आणि पट्टा ताणला जातो. तिनं व्हॉल्व्ह पान्यानं अगदी हळू सैल केला. "तोंड बाजूला घ्या, आप्पा. दाबाखालचं ग्रीस गोळीसारखं सुटतं." हे आप्पांना चांगलं माहीत होतं, पण आज ते मुकाट्यानं बाजूला झाले. ग्रीस निघालं, चाक मागं गेलं. दोघांनी पट्टा आधी मागच्या दातेरी चाकात बसवला, मग पहारीनं पुढच्या चाकावर चढवला. व्हॉल्व्ह घट्ट करून चिमीनं ग्रीसगननं पुन्हा ताण दिला आणि वहीत लिहिलं: डावा पट्टा, कारण दगड.

त्यानंतर आप्पा मशीन इतकं जपून चालवायला लागले, जणू कुशीत बाळ आहे. तरी तिसऱ्या दिवशी सपाट जमिनीवर, सरळ जाताना, डावा पट्टा पुन्हा उतरला.

या वेळी नळकामवाला समोरच उभा होता. तो मान वळवून पाइप मोजायला लागला, हेच आप्पांना जास्त लागलं.

चिमीनं सगळा चिखल खरवडून काढला, पट्ट्याला आधार देणारा एकेक रोलर हातानं फिरवून पाहिला. दगड शोधता शोधता तिचे कोपरापर्यंत हात काळे झाले. काही सापडेना. शेवटी दोघांनी पट्टा पुन्हा चढवून ताणला आणि ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही जागेवर फिरवत तर नाही ना?"

"नाही गं!"

तिनं त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं. "सोमवारपासून दुसरा ऑपरेटर बघते. तुमचीही दगदग होते."

आप्पा घरी आले आणि न जेवताच आडवे झाले. आपला हात खरंच गेला का, ही शंका त्यांना पोखरू लागली. आपण फिरवलं नाही असं वाटतंय, पण सवयीनं फिरवलंही असेल. ज्या हातांवर आयुष्य काढलं त्यांचाच भरवसा वाटेना. बायको उशाशी येऊन बसली.

"मशिनाला काय झालंय?" तिनं विचारलं.

"मशिनाला नाही, मलाच काहीतरी झालंय," असं म्हणत त्यांनी तिला सगळं सांगितलं. दगडाचंसुद्धा.

ती म्हणाली, "मग ती पोर बिचारी नसलेला दगड शोधत बसलीय होय? उद्या उठून सांगा तिला."

सकाळी दवाखान्यामागं चिमी मशिनाशी उकिडवी बसली होती. आप्पा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"चिमे, दगड नव्हता. पहिल्या दिवशी मी फिरवलं. उतारावर. त्या नळवाल्याचं बोलणं लागलं म्हणून."

चिमी हळूच उठली. "मी काल दिवसभर दगड शोधत होते, आप्पा!"

"हो."

"रात्री झोपेत पण दगड शोधलाय मी!"

"चूक झाली माझी. पण दुसऱ्यांदा मी फिरवलं नाही. तुझ्या आईची शपथ."

"तिला कशाला मध्ये आणता," चिमी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मग एकदम गंभीर झाली. तिनं वही काढली, 'दगड' वर काट मारली आणि पेन्सिल चावत उभी राहिली. "म्हणजे पहिल्यांदा फिरवल्यामुळं. दुसऱ्यांदा काहीच कारण नाही. सरळ रस्ता, साफ पट्टा..."

"ताण टिकत नाहीये." दोघांच्या तोंडून ते जवळजवळ एकदमच निघालं.

त्यांनी मशीन उचलून दोन्ही पट्ट्यांचा झोळ पाहिला. रोलरखाली उजव्या पट्ट्यात बोटभर जागा होती, डाव्यात तीन बोटं. चिमीनं डावा ताणून उजव्यासारखा केला. आप्पांनी व्हॉल्व्ह फडक्यानं लख्ख पुसला आणि पुढच्या चाकाच्या सरकत्या भागावर खडूची रेघ मारली. मग वीस मिनिटं मशीन मागंपुढं चालवलं, सरळ, गोगलगाईसारखं.

रेघ मागं सरकली होती. व्हॉल्व्ह मात्र कोरडा होता, म्हणजे ग्रीस तिथून गळत नव्हतं.

आप्पांनी सांगाड्याच्या आत, सिलिंडरच्या तोंडापाशी बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. बोटावर ताजं, स्वच्छ ग्रीस होतं.

"सिलिंडरचं रबरी सील गेलंय," ते म्हणाले. "ग्रीस आतून पाझरतंय. आपण भरतोय आणि ते गळतंय."

चिमीनं कपाळाला हात लावला. "विकणारा म्हणाला होता, सिलिंडर नवे आहेत. मी खोलून बघायला हवं होतं. आणि बोल तुम्हाला लावला."

"दोघांत वाटून घेऊ," आप्पा म्हणाले. "तू सील आण. तोवर मी हे बाहेर काढतो."

ती परत आली तेव्हा पट्टा उतरवून, पुढचं चाक सिलिंडरसकट बाहेर काढून आप्पांनी ताडपत्रीवर मांडून ठेवलं होतं, एकेक भाग पुसून, ओळीनं. जुनं सील एका कडेला चिरलं होतं. नवं बसवताना चिमीची बोटं घसरायला लागली, तेव्हा आप्पांनी सील अंगठ्यानं दाबत, कडेकडेनं, एकाच फेऱ्यात जागेवर बसवलं. कुठं घडी नाही, ओरखडा नाही. चिमी बघतच राहिली.

"वर्कशॉपमध्ये आम्ही यावर तासभर घालवायचो," ती म्हणाली.

दुपारी वीस मिनिटं चालवल्यावर खडूची नवी रेघ जागची हलली नाही. तासाभरानंही नाही. संध्याकाळपर्यंत आप्पांनी भिंतीलगतचा चर संपवला, इतका सरळ की नळकामवाला दोरी लावून पाहत म्हणाला, "आप्पा, आता माझे पाइप वाकडे दिसणार!"

आप्पा नुसते हसले. दर वळणाला तीनदा मागंपुढं करत त्यांनी मशीन फाटकाबाहेर आणलं आणि टेम्पोवर चढवलं.

घरी जाताना चिमी टेम्पो चालवत होती. ती म्हणाली, "सोमवारच्या माणसाला नको म्हणून कळवते."

"हं."

"आणि एक नवं काम आलंय. एका शाळेमागचा बोळ आहे, कोपऱ्यावर जेमतेम जागा. मशीन वळेल की नाही, मला अंदाज येईना. तुम्ही सांगा."

खिडकीबाहेर पाहत आप्पांनी हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं.

"बघितल्याशिवाय कसं सांगू?" ते म्हणाले. "उद्या टेप घेऊन जाऊ दोघं."