पंढरीच्या दाव्याला गेलेला कोट

मी कोट बोलतोय. वकिलाचा काळा नव्हे हो, साधा राखाडी. सत्तेचाळीस साली ठाण्याच्या जांभळी नाक्यावर परशुराम शिंप्याने मला श्रीपादरावांच्या मापाने शिवला. श्रीपादराव मुंबईला कचेरीत कारकून, आणि कोपरीत काळुरामांच्या खोलीत भाडेकरू.

मालक एक, पण मला घातलं साऱ्या आळीने. कुणाला मुलाखत, कुणाला मुलगी बघायला जायचंय, कुणाला नुसता फोटो काढायचाय, की श्रीपादरावांच्या बायकोला दारातून हाक आलीच, "सुमतीवहिनी, कोट मोकळा आहे का?" त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला आधी कळे. माझ्यानंतर वहिनींना. मग सगळ्यांना.

चोपन्न साली मला मागायला आला काळुरामांचा पंढरी. मिठागरवाल्यांच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. इंटरला दोनदा नापास झाला होता, ते काही लपवण्यासारखं नाही. पहाटे मिठागरात बापाला हात लावायचा आणि मग कॉलेज गाठायचं! तिसऱ्या खेपेला मात्र जीव तोडून अभ्यास केला. नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचा आजा गेला.

"दहावा होई तवर कोनी उंबरा ओलांडाचा नाय," काळुराम म्हणाले.

"बाबा, उद्या माजी परीक्षा हाय."

"परीक्षा दरसाल येते. माजा बाप परत येनार हाय का?"

पंढरी घरात बसला. विद्यापीठाने गैरहजेरी नापासातच धरली, तीनदा नापास म्हणून त्याचं नाव काढून टाकलं. का आला नाहीस, एवढंही कुणी विचारलं नाही.

श्रीपादराव त्याला ओळखीच्या वकिलाकडे घेऊन गेले. बाप बरोबर होताच. वकील म्हणाले, "ताप होता म्हणू. डॉक्टरचं सर्टिफिकेट तेवढं आणा."

काळुराम उसळले, "माजा बाप मेला, तो ताप व्हता काय? खोटा नाय बोलाचा!"

मग दावा खराच लिहिला. मुलाला न विचारता नाव काढलं, हा अन्याय.

प्रत्येक तारखेला मी पंढरीच्या अंगावर. मिठाच्या पाट्या वाहून रुंद झालेले खांदे ते! बगलेत उसवायचो, वहिनी शिवायच्या. शेवटी जज्जसाहेब म्हणाले, मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येणार नाही. आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

कोपरीत आरोळी उठली, पोरगा जिंकला! काळुरामांनी आळीला जेवण घातलं. वहिनी शाकाहारी, त्यांना वेगळ्या चुलीवरचा वरण-भात. "मग काय ते ठरवा" हे शब्द कुणी मनावरच घेतले नाहीत. मीसुद्धा नाही.

विद्यापीठात टेबलामागे तिघे गृहस्थ बसले होते. काळुराम दाराच्या पडद्याबाहेर.

"परीक्षेला का आला नाहीत?"

"घरात सुतक होतं, सर."

"सुतकात परीक्षेला बसू नये असा आमचा नियम आहे?"

"नाही, सर."

"मग कुणी अडवलं होतं का तुम्हाला?"

पडद्याखाली काळुरामांच्या नव्या वहाणा दिसत होत्या. पंढरीची छाती भरून आली, माझं मधलं बटण ताणलं. बोल रे, एकदा बोल!

"कुणी नाही, सर. मीच आलो नाही."

"म्हणजे स्वतःच्या मर्जीने." चहा आला. "ठीक आहे. ऐकून घेतलं तुमचं."

नाव पुन्हा काढलं. वकील म्हणाले, "आता कशाची दाद मागू? ऐकलं ना त्यांनी!"

त्या तिघांसमोरून बाहेर येताच बापाने विचारलं होतं, "ऐकला काय रं तुजा?"

"ऐकला, बाबा. सगला."

नाव पुन्हा गेलं हे पुढे आळीला कळलं, काळुरामांना मात्र कुणी सांगितलं नाही. आळीत बोलणं सुरू झालं, कोट पायगुणाचा नाही. आळीतला पोपट नावाचा पोरगा तर मुलाखतीला उसना दुसरा कोट शोधत लांब खडवलीपर्यंत गेला. नियम करणारी माणसं, सुतक पाळणारी माणसं, आणि अपशकुनी कोण, तर मी! वहिनींनी मला पंढरीलाच देऊन टाकलं.

आता थंडीच्या पहाटे मी मिठागरात असतो. खाऱ्या पाण्याने ताठ झालोय, बाह्या पांढऱ्या पडल्यात. काळुराम येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगतात, "माजा पोऱ्या कोर्टात जिंकला. पन परत गेलाच नाय कालेजान. आळशी! करनार काय?" पंढरी मान वर करत नाही, मीठ ओढत राहतो.

मला तोंड असतं तर... पण ज्याने सांगायचं तो गप्प आहे, मग मी कोण? तुम्हीही सांगू नका त्या म्हाताऱ्याला. फक्त काळुराम पंढरीला आळशी म्हणाले, की मान तेवढी डोलवू नका.